डाव्या बाजूचा पिस्टन

सँत-ओदील,
७ फेब्रुवारी १९९४

चि. रोझेर यास ब्लाँदीनताईचे अ. उ. आ. वि. वि.

रविवार, ६ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मिस्सेची प्रार्थना सुटली होती, चर्चच्या हॉलमध्ये कॉफीच्या टेबलापाशी अर्धं गाव उभं होतं, आणि त्या अर्ध्या गावादेखत तुझ्या मुलाने, जर्वेने, मला वेडी ठरवलं. वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली आहे. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीला तेही आठवत नाही.

तुला ठाऊकच आहे, तुझा मेहुणा फिलियास जाताना मला दोन गोष्टी ठेवून गेला, तळ्यापलीकडचं घर आणि एकाहत्तर सालची पिवळी बर्फगाडी. तळं गोठलं की वसंतापर्यंत माझा रस्ता म्हणजे ती गाडी. परवाच्या गुरुवारी ती तळ्याच्या मधोमध पुन्हा बंद पडली. आधी आवाज चिरका झाला, मग जोर गेला, मग इंजिन जागच्या जागी आवळलं. नाताळनंतरचा हा तिसरा पिस्टन. थंडी अशी की पापण्या चिकटत होत्या. पिठाची पिशवी पाठीवर टाकून मी घरी चालत आले. मठात सिस्टरांनी शिकवलेल्या प्रार्थना वाटेतच संपल्या. शिव्या मात्र दारापर्यंत पुरल्या.

रविवारी मी जर्वेला एवढंच विचारलं, की गाडी तुझ्या गॅरेजात न्यायला कधी येतोस. तो माझ्याकडे न बघता लोकांकडे वळला आणि म्हणाला, आत्या, पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरलं की पिस्टन जळणारच; पिस्टन मी तिसऱ्यांदा बदलून देईन, पण डोकं कुठल्या दुकानातून आणू? सगळे हसले. फादर हसले नाहीत, त्यांनी नुसतं आपल्या कपात पाहिलं. ते जास्त लागलं.

तेल मी विसरत नाही. आधी तेल, मग पेट्रोल, मग डबा चांगला खळखळून हलवायचा, हे फिलियासने शिकवलं तसंच आजवर चाललं आहे. पोस्टात जन्म काढला मी, गावाचं एक पत्र चुकीच्या दारात पडू दिलं नाही.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण आज सकाळी मॅडम पँसोनोंचा फोन आला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची विचारपूस करणाऱ्या सरकारी नर्स त्या. जर्वेने त्यांना ‘काळजीपोटी’ सांगितलं म्हणे की आत्याचं हल्ली विसरणं वाढलंय. १४ मार्चला त्या येणार आहेत. मी एकटी राहायला लायक नाही असं त्यांनी लिहिलं, की बर्फ वितळायच्या आत माझी रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात, आणि घराला कुलूप.

जर्वेच्या आधी तू आयुष्यभर ते गॅरेज चालवलंस. पिस्टन का जळतो ते मला सांग. बाकीचं मी बघते.

कळावे. लोभ आहेच, तुझ्या उत्तरानंतरही राहावा, ही इच्छा.

तुझी,
ब्लाँदीन


सोरेल,
१२ फेब्रुवारी १९९४

ती. ब्लाँदीनताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोकल्यामुळे डॉक्टरांनी मला घराबाहेर पडायला बंदी केली आहे, नाहीतर स्वतः आलो असतो. लेक मला काचेच्या भांड्यासारखी जपते. ती आणि जावई दोघंही तुला नमस्कार सांगतात.

ताई, जर्वे मनाने वाईट नाही. तोंडाने सैल आहे, तो त्याच्या आईचा गुण. तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि रागावणार नसशील तर एक बोलू का? आश्रम म्हणजे काही तुरुंग नव्हे. सिस्टर असतात, नळाला गरम पाणी असतं, पत्ते खेळायला माणसं असतात. त्र्याहत्तराव्या वर्षी भर थंडीत तळं ओलांडायचं कशाला?

आता पिस्टनचं. मला आधी हे कळव की दर वेळी जळतो तो एकाच बाजूचा, की दोन्ही बाजूंचे? तुझं इंजिन दोन सिलिंडरचं, पण टाकी एकच. तेल कमी पडलं तर दोन्ही बाजू ओरबाडल्या जातात, बेअरिंगही वाजायला लागतं. एकच बाजू पुन्हा पुन्हा जळत असेल, तर त्या बाजूला कुठूनतरी हवा आत शिरते आहे. हवा जास्त झाली की पेट्रोल पातळ पडतं, पेट्रोल पातळ पडलं की धग वाढते, आणि मग नवाकोरा पिस्टनही मेणासारखा वितळतो. दोन्ही स्पार्क प्लग काढून रंग बघ. तपकिरी असला तर प्रकृती उत्तम. खडूसारखा पांढरा असला तर तिथेच दुखणं.

हवा कुठून शिरते ते शोधायची रीत सोपी आहे. कार्ब्युरेटरचं आणि धुराड्याचं तोंड रबराने घट्ट बंद करायचं, सायकलच्या पंपाने आत थोडीशीच हवा भरायची आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. फेस येईल तिथे गळती. हे तुला एकटीला जमायचं नाही, फासे लावणाऱ्या त्या आदेलारला बोलाव. किंवा सोडूनच दे. या वयात इंजिनं उघडून कोणाचं भलं झालं आहे?

कळावे, भावावर राग धरू नये ही विनंती.

तुझा,
रोझेर


सँत-ओदील,
२० फेब्रुवारी १९९४

चि. रोझेर यास अ. आ. वि. वि.

तुझ्या खोकल्यासाठी मधातला कांदा घे. गरम पाण्याचं म्हणशील, तर माझ्या घरीही चूल आहे.

आदेलार बुधवारी आला. रानात जनावरांना फासे लावून झाले की त्याला माझ्या कॉफीशिवाय दुसरं काम नसतं. गाडी त्याने ओढून आणली, इंजिन उतरवलं आणि आम्ही ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मेणकापडावर ठेवलं. त्याच टेबलावर नाताळात मी मांस भरलेली पेस्ट्री केली होती, आता तिथे पेट्रोलचा वास बसला आहे.

ऐक. उजवा पिस्टन ठणठणीत आणि त्याचा प्लग तपकिरी. डावा पिस्टन धुराड्याच्या अंगाने वितळून खाली ओघळलेला, प्लग पांढराफटक. जर्वेने आधी काढलेले दोन पिस्टन मी मागून घेतले होते, म्हटलं कागदांवर ठेवायला होतील. तेही डाव्याच बाजूचे, जळालेत तेही तिथेच. मग मला सांग, एकाच डब्यातलं पेट्रोल डावीकडे विसरभोळं आणि उजवीकडे शहाणं कसं होतं?

तू लिहिल्याप्रमाणे जुन्या बुटाचं रबर कापून तोंडं बंद केली. आदेलारने पंप मारला, मी ब्रशने साबण लावला. उजवीकडे काही नाही. डावीकडे, दोरी ओढून सुरू करायच्या चाकामागे, फसफसून फेस. आदेलारने खेचायचं अवजार लावून ते जड चाक काढलं. त्यामागे क्रँकच्या दांड्यावरचं, हवा अडवणारं रबरी सील होतं, त्याची कड फाटलेली. शिवाय तिथे गंज होता, वाळलेला गाळ होता, आणि पाणवनस्पतीचा एक धागा. रोझेर, माझी शेड तळ्याच्या तळाशी नाही.

मी आदेलारकडे पाहिलं. तो चुलीकडे बघू लागला. मी त्याची कॉफीची किटली उचलून बाजूला ठेवली, तेव्हा बोलला. म्हणाला, अगं ब्लाँदीन, ती तर नाताळाआधीच पाण्यात गेली होती.

डिसेंबरात मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात होते, तेव्हा जर्वेने माझी गाडी न विचारता शेडमधून काढली आणि मासे धरायला नदीच्या मुखाशी नेली. तिथला बर्फ नाताळाआधी धरत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाडी बुडाली. दोराने वर काढली आणि त्या गारठ्यात तशीच रात्रभर बाहेर ठेवली. चाकामागचं पाणी गोठलं, फुगलं आणि त्याने सील फाडलं.

आपल्याकडची चाल तुला मी सांगायला नको. ज्याने गाडी बुडवली त्याने हॉटेलात सगळ्यांना पाजायचं, त्याला गाडीचा बाप्तिस्मा म्हणायचं, आणि जो प्याला त्याने बाहेर चकार शब्द काढायचा नाही. जर्वेने पाजली. निम्मं गाव प्यायलं, आदेलारही प्यायला. म्हणजे रविवारी हॉलमध्ये माझ्यावर हसत होते, त्यातल्या कितीतरी जणांना पिस्टन का जळतो ते ठाऊक होतं. बाप्तिस्मा माझ्या गाडीचा, आणि मला सोडून सगळ्यांना आमंत्रण.

हे सगळं तुला आधी कळवते आहे, कारण तो तुझा मुलगा आहे. त्याच्याशी बोल.

लोभ आहे, अजून तरी.

ब्लाँदीन


सोरेल,
२५ फेब्रुवारी १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत छोट्या खोक्यात सील आणि डाव्या बाजूचा पिस्टन पाठवतो आहे. माझ्या जुन्या डब्यात त्या मापाचे दोन्ही निघाले. सील बसवताना कडेला थोडं ग्रीस लाव, आणि आत ढकलताना तिरकं जाऊ देऊ नकोस.

जर्वेशी बोललो. ताई, तुझ्यापासून काय लपवू, गाडी बुडाल्याचं त्याने मला नाताळातच फोनवर सांगितलं होतं. पहिला पिस्टन गेला तेव्हा मीच त्याला म्हटलं, की चाक काढून सील बघ. तो हो म्हणाला. पण हंगामात गॅरेजसमोर रांग असते, त्याने नुसता पिस्टन घातला आणि गाडी देऊन टाकली. दुसऱ्या वेळीही तेच केलं. मग हॉलमध्ये तू सगळ्यांसमोर विचारलंस, बुडाल्याचं माहीत असलेली माणसं शेजारीच उभी, आणि त्याच्या तोंडाला येईल ते तो बोलून गेला. एकदा बोलल्यावर नर्सबाईंनाही तेच सांगत राहणं भाग पडलं. त्याच्या मनात तुझ्याबद्दल काही वाईट नव्हतं. फोनवर रडला तो.

इंजिनाबद्दल कोणी विचारलं की मला खोटं सांगता येत नाही, म्हणून तपासायची रीत तुला लिहिली. पण आता इथेच थांब. बिघडलेली गाडी अशीच परत देतो, हे नाव एकदा झालं की त्याच्या दारात कोण येणार? दोन पोरं आहेत त्याची. तू मोठी आहेस, पोटात घाल. नर्सबाई आल्या की दोन प्रश्न विचारतील, तू नीट उत्तरं देशील, झालं. आणि नाहीच झालं, तर आश्रमाचं मी लिहिलंच होतं.

कळावे. तुझ्या मायेवर भरवसा ठेवून लिहिलं आहे.

रोझेर


सँत-ओदील,
२ मार्च १९९४

रोझेर यास,

सील आणि पिस्टन पोचले. आदेलारने दोन्ही बसवले, मी साबण लावला, एक बुडबुडा आला नाही. काल मी तळं ओलांडून गावात गेले आणि परत आले. घरी येऊन डावा प्लग काढून पाहिला, तपकिरी. इंजिनाचं काम तू चोख केलंस, त्याबद्दल आभार.

आता माझं. तुझा मुलगा लोभी असता तर मला समजलं असतं. त्याला माझं घर नको, जमीन नको. त्याला फक्त हॉलमधल्या माणसांसमोर मान खाली घालायची नव्हती. तेवढ्यासाठी त्याने मला बिघडलेल्या गाडीवर दोनदा त्या तळ्यावर सोडलं, आणि वर माझ्या डोक्याचा बळी दिला. तो रडला म्हणतोस. त्या गुरुवारी तळ्यावर मी रडले नाही, डोळे गोठले असते.

आणि तू. आश्रमातल्या गरम पाण्याचं वर्णन करत होतास तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तेलाचा प्रश्नच नव्हता, हे या जगात तुझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी तू मला पत्ते खेळायला जा म्हणालास. लहानपणी आई तुझ्या वाटचा मार मला देत असे, कारण मी मोठी. आजही ‘तू मोठी आहेस’ एवढंच तुझ्यापाशी उरलं आहे.

दोन प्रश्नांना नीट उत्तरं देशील, असं तू सहज लिहून गेलास. वेड्या ठरलेल्या बाईने, ‘गाडी बुडवली ती मी नव्हे’ असं सांगितलं, तर ते तिच्या वेडाच्याच खात्यात जातं. आदेलार मॅडम पँसोनोंसमोर बोलणार नाही, तो प्यायला आहे. बाकीचेही प्यायले आहेत. न प्यायलेला आणि इंजिन जाणणारा असा एकच माणूस उरतो, आणि तो माझा भाऊ आहे.

मला माफी नको. माफी मागून तो पुन्हा मोकळा होईल, आणि मी आश्रमाच्या खिडकीत बसेन. मला दोन कागद हवेत. एक जर्वेचा, मॅडम पँसोनोंच्या नावे: गाडी मी न विचारता नेली, मी बुडवली, तपासायला सांगूनही तपासली नाही, आणि आत्याच्या विसरण्याबद्दल मी बोललो ते खोटं होतं. दुसरा तुझा, मेकॅनिक म्हणून: तेल बरोबर होतं आणि दोष सीलचा होता. दोन्ही कागदांवर सही आणि तारीख असावी. फोन करू नकोस, फोनवर तुम्ही बापलेक काय बोलता ते मी वाचलं आहे.

टपालाची गाडी शुक्रवारी दुपारी येते आणि पोस्ट पाचला बंद होतं. सोमवारी मॅडम पँसोनो माझ्या दारात असतील. म्हणून तुमचं दोघांचं लेखी उत्तर शुक्रवार, ११ मार्च १९९४, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. लोभाचं त्यानंतर ठरवू.

ब्लाँदीन