खो-खो लीगचे मानकरी

प्रिय अण्णा,

उद्या मंडळाची बैठक आहे. तुमची पोरांची खो-खो लीग बंद करायची की नाही, ते ठरणार आहे. तुम्ही गेल्यावर खजिनदार मला केलंय, म्हणून तुम्हालाच विचारते. अहो, इतकी वर्षं ही लीग चालवलीत तरी कशी?

खात्यात तर कधी काही नसायचंच! ऑडिटरसाहेबही चक्रावले. "मैदान आखलं, पोरं जेवली, टेम्पो फिरला, मग खर्च कुठाय?" मी काय सांगणार? तुम्हाला कधीही विचारलं की तुम्ही म्हणायचात, "होतंय की सगळं." हे काय उत्तर झालं, अण्णा?

यंदा आम्ही शिस्त आणली. प्रत्येक संघाला प्रवेश फी आणि छापील पावती. बँकेतली ना मी! तर तिसगावच्या आसपासच्या वस्त्यांचे संघ आलेच नाहीत. फी तर चहा-भज्यांएवढी ठेवलेली, मग रुसले कशाला? मला राहवेना. स्कूटी काढली आणि कासाबाईंच्या वस्तीवर गेले. त्यांची नात तिथल्या संघाची कॅप्टन आहे.

"पावती फाडली मंजी आमी पाव्हनं झालो," कासाबाई म्हणाल्या. "आन्नांच्या टायमाला आमी मानकरी हुतो."

मग एकेक उलगडत गेलं. जत्रेत एका घराला काठीचा मान, दुसऱ्याला नैवेद्याचा, तसेच तुम्ही लीगचे मान वाटले होते! एका वस्तीला मैदान आखायच्या फक्कीचा, एकीला पाण्याच्या टँकरचा, कासाबाईंना पिठलं-भाकरीचा. एकदा मिळालेला मान कोण सोडतंय? मला हसू आलं आणि तुमचा रागही आला. मला का नाही सांगितलंत?

"आणि आमच्या घराला कोणता मान?" मी विचारलं.

"तुमाला? दारोदार जाऊन ह्ये समदं मागायचा," त्या हसल्या. "लई अवघड मान. दुसरं कुनी घ्यायलाच तयार न्हवतं."

मला दुकानात सुटे मागायचीसुद्धा लाज वाटते, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर नाही ना बोललात?

अण्णा, उद्या मी लीग बंद होऊ देणार नाही. परवापासून वस्तीवस्तीवर जाईन. दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचात हो तुम्ही? मला नाही सुचलं, तर नुसती हात जोडून उभी राहीन. पण हा मान आपल्याच घरात राहील.

तुमची लेक,
सुमन