जेकशेनच्या इंजिनातली चिंधी

मी, सायकाल तोक्तोरबाएवा, वय एकाहत्तर, मरहूम जेकशेन यांची विधवा, राहणार कोक-जार, जिल्हा नारीन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. हात थरथरतो, डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसाचं काय ते डॉक्टरांनी सांगितलंय, पुढचा वसंत मला दिसणार नाही. कुणी दमदाटी केलेली नाही. केली असती तरी मी ऐकली नसती.

१. घर, परस आणि गवताची जमीन मुलगा तालाय याला. आमच्यात घर धाकट्याला जातं. धाकटा तोच आणि एकुलता तोच, तेव्हा वाद घालायला कोणी नाही. दुभती गाय सून जीपार हिला, तिच्या एकटीच्या मालकीची. तालाय, ती विकायचा विचारही करू नकोस.

२. मोठी कढई फेकून द्यावी. तिच्यात मी इंजिनाचे भाग सोड्याच्या पाण्यात उकळले, तेव्हापासून मटणाला पेट्रोलचा वास येतो. तालाय म्हणतो, "आई, हे खाल्लं की किक मारावीशी वाटते."

३. साइडकारची मोटारसायकलही तालायला. पण आधी त्याने तिची हकीकत इथे वाचावी. तोंडी सांगायला गेलं की तो उठून जातो.

जेकशेन घाटात गोठून गेले. चढावर हीच गाडी बंद पडली, ते पायी निघाले आणि हिमवादळाने त्यांना गाठलं. त्या हिवाळ्याच्या तोंडावर तिचं इंजिन उघडून दुरुस्त केलं होतं माझ्या मोठ्या दिरांनी. गावातले ट्रॅक्टरही तेच बघायचे. सुनेने मोठ्या दिराचं नाव घेऊ नये हा आमचा रिवाज. मी ते आजवर उच्चारलेलं नाही.

जनाज्याला मौलवींनी जमलेल्यांना विचारलं, "हा माणूस कसा होता?" यावर सगळ्यांनी "चांगला होता" म्हणायचं असतं. एवढं तर चोरालाही मिळतं. दीर म्हणाले, "चांगला होता, पण बाटलीने खाल्लं त्याला." मयत ठेवतात त्या नमद्याच्या, जाड लोकरीच्या तंबूत मी बायकांबरोबर आक्रोश करत होते, तो तिथेच थांबला. जेकशेन तरुणपणी प्यायचे हे खरं. तालाय जन्मला तेव्हा त्यांनी सोडली. गावाला आधीचंच आठवलं, आणि तालायलाही. तो बापाच्या कबरीवर जात नाही. हे मला माझ्या दुखण्यापेक्षा जास्त दुखतं.

तालाय मॉस्कोला मजुरीला गेला होता, तेव्हा मी गाडीवरची ताडपत्री काढली. ती बंद का पडली एवढंच बघायचं होतं. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मेंढी मात्र कळते: हाड तोडायचं नाही, सांधा शोधायचा. तसंच केलं. जो भाग निघेल तो नमद्याच्या सतरंजीवर ओळीने मांडला. एक स्प्रिंग उडून कोंबड्यांत गेली. एका बोल्टचे आटे मी उलटं फिरवून घालवले. तळाशी तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी होती, आणि तिला गुंडाळलेली हिरवी, पिवळ्या फुलांची चिंधी. तो रुमाल मी थोरल्या जावेच्या डोक्यावर पाहिलेला. सिलिंडर काढला की आत काही पडू नये म्हणून खालच्या उघड्या तोंडाला चिंधीचा बोळा लावतात. हा काढायचा राहिला, सरकत सरकत जाळीवर बसला, तेल वर चढेना आणि पिस्टन जाम झाला.

मी चिंधी घेऊन दिरांकडे गेले. "भावजी, हा रुमाल ओळखता?"

"इंजिन तू उघडलंस, चिंधी तुला सापडली. तूच कोंबली असशील. चहा घे आणि घरी जा."

"मला उघडता आलं, तसं जोडताही येईल."

"मग आधी चालू करून दाखव, बाई. मग माझ्याशी बोल."

पहिल्यांदा जोडताना पिस्टनची रिंग मोडली. पुढच्या खेपेला तेल सगळीकडून गळलं. शेजारीण कुलुयपा सिलिंडर धरायची आणि मला झापायची, "हे जोडून नवरा उठून येणार आहे का, सटवे?"

"येणार नाही. पण बाटलीतून तरी बाहेर येईल."

अखेर इंजिन चालू झालं. दिरांच्या फाटकासमोर मी ते पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवलं. पडदा हलला, दार उघडलं नाही. फोनवर तालाय म्हणाला, "आई, काका म्हणतात तू म्हातारपणी भलतंच घेऊन बसलीस. होऊन गेलं ते."

झालं नाही, तालाय.

४. बोल्ट खोलायचे सगळे पाने कुलुयपाला. जोडून झाल्यावर एक वॉशर उरला. तो कुठला, मला अजून कळलेलं नाही. तो तालायने शोधावा.

५. तेलाच्या डागांची सतरंजी कुणाला देऊ नये. दफनाआधी तंबूत मला तिच्यावरच ठेवावं.

६. चिंधी चहाच्या डब्यात आहे. ती मोठ्या दिरांना.

७. माझ्या जनाज्याला, माझ्याविषयी विचारण्याआधी, मौलवींनी जेकशेनविषयी पुन्हा विचारावं. पहिलं उत्तर दिरांनी द्यावं, चिंधी हातात धरून. तोवर मला उचलू नये. मला घाई नाही. दीर म्हणजे नक्की कोण, अशी पळवाट कुणाला मिळू नये म्हणून नाव लिहिते: मुकाश. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, आणि हात थरथरला नाही.

स्थळ: कोक-जार. तारीख: ९ नोव्हेंबर.

सही: सायकाल तोक्तोरबाएवा

साक्षीदार: कुलुयपा इसाएवा, शेजारीण. सही केली.

साक्षीदार: एसेनगुल बेकोव, दवाखान्यातले मदतनीस. सही केली.

साक्षीदार: ही जागा मुकाश यांच्यासाठी मोकळी ठेवली आहे. त्यांनी सही केली नाही, तर तालाय, तू कर.