सातव्या मजल्यावरचे एक मीटर ऐंशी

३ मार्च, सोमवार

आज नोकरीचा पहिला दिवस. गळ्यात कार्ड, कार्डावर फोटो आणि फोटोत मी पाकीटमार दिसतोय. पण अकरा महिने घरी बसून आईचे टोमणे खाल्ल्यावर हे कार्ड मला दागिन्यासारखं वाटतंय. दिवसभर शर्टाच्या बाहेरच ठेवलं.

ही वही ताईने दिली. मापं घेणाऱ्याच्या खिशात वही हवीच, टॅब्लेट कधीही मान टाकतो, असं तिचं म्हणणं. नोकरीही तिनेच लावून दिली. या बारा मजली ऑफिस-इमारतीचं मॉडेल नऊ वर्षं तिच्या हातात आहे. मॉडेल म्हणजे पुठ्ठ्याचं घर असावं अशी माझी समजूत होती, ती आज सुटली. कॉम्प्युटरमध्ये अख्खी इमारत उभी केलेली असते. प्रत्येक दार, पाइप, दिवा, त्याचा नंबर, तो बसवल्याची तारीख, सगळं त्यात. खऱ्या इमारतीतले सेन्सर त्याला जोडलेले. खोलीत माणूस शिरला की मॉडेलला कळतं आणि ते तिथली हवा, दिवा चालू करतं, कार्ड लावलं की दार उघडतं. आणि मॉडेलमधून खोलीच पुसली, तर तिची हवा, दिवा, दार, सगळं ठप्प.

माझं काम सोपं. टॅब्लेट घेऊन मजल्यामजल्यावर हिंडायचं, मॉडेल आणि इमारत जुळते का ते बघायचं, आणि महिनाअखेर तशा दाखल्यावर सही करायची. मॉडेल सांभाळणाऱ्याचीच सही मोठ्या साहेबांना चालत नाही, म्हणून वेगळा माणूस. माझ्या आधीचा मापवाला दोन वर्षांपूर्वी न सांगता निघून गेला. तेव्हापासून दाखला लटकलाय.

सातवीत मी गणितात आपटलो तेव्हा प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ताईने ठोकली होती. इतकी हुबेहूब, की बाबांनाही ती आपलीच वाटली असती. आज जेवताना तिने त्याची आठवण काढली आणि म्हणाली, आता सही करायची पाळी तुझी. दोघंही पोट धरून हसलो.

५ मार्च, बुधवार

तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत झालं. सोबत इथला जुना मेकॅनिक असतो. त्याच्या मागच्या खिशात कायम पाना असतो, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणतात. दिवसाला मोजून दहा शब्द बोलतो. मी उरलेले सगळे बोलतो.

मॉडेलची कमाल अशी, की दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडीचीसुद्धा नोंद आहे. फक्त त्यातलं रोप मेलंय हे त्याला ठाऊक नाही. मी तेही टिपलं. ताई म्हणाली, अरे बाबा, इतक्या खोलात कशाला शिरतोस, खुर्चीत बसून टिका मारल्यास तरी चालेल. मला वाटलं, माझी परीक्षा घेतेय. आयुष्यभर तिच्या जीवावर पास झालो. एकदा तरी तिने मान वर करून माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवंय.

१० मार्च, सोमवार

सकाळी लॉबीत एक म्हातारे गृहस्थ भेटले. बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मागच्या मापवाल्याचे वडील. दर सोमवारी येतात, तासभर बसतात, कुणाला त्रास देत नाहीत. माझं कार्ड बघून उठले आणि विचारलं, की आमचा पोरगा बसायचा त्याच टेबलावर बसता का तुम्ही. हो म्हटलं. मग म्हणाले, त्याचं काही सापडलं, साधं पेन जरी सापडलं, तरी माझ्यासाठी ठेवा.

त्यानंतर दोन तास माझं कामात लक्ष लागेना. ताईला सांगितलं, तर तिचेही डोळे भरून आले. ती म्हणाली, पोरगा आपल्याला टाकून गेला हे कुठल्या बापाला पटेल. दाराच्या नोंदीत तो त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडल्याचं स्वच्छ आहे. ती नोंद पोलिसांना तिनेच काढून दिली होती. फार हळवी आहे आमची ताई.

१२ मार्च, बुधवार

सातवा मजला. इथे माझी आणि टेपची चांगलीच जुंपली.

बाहेरून कॉरिडॉर चोवीस मीटर साठ भरतो. आतल्या खोल्या आणि मधल्या भिंती मिळून बावीस मीटर ऐंशी. म्हणजे एक मीटर ऐंशी कुठेतरी गडप. तीन वेळा मोजलं. तिसऱ्यांदा पान्याने टेपचं टोक सोडून दिलं आणि चौथ्या मजल्यावर पंप बघायचाय म्हणून चालता झाला. पंप चौथ्यावर नाहीच, तळघरात आहे.

टॅब्लेटवर सामानाच्या खोलीमागे एक मीटर ऐंशी जाडीची भिंत दाखवलीय. किल्ल्याला शोभेल अशी! ताईला सांगितलं. ती म्हणाली, जुन्या नकाशातला घोळ आहे, टीक मार आणि पुढे हो, भिंत जाड असली म्हणून कुणाचं पोट दुखतंय. हसत म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

टीक मारली नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मॉडेलच्या तळाशी एक यादी सापडली. खोली पुसली तरी तिच्या भिंतीवरचा सेन्सर जागेवरच राहतो. तो बिचारा कुणी ऐकत नसताना आकडे पाठवत बसतो. अशा बेवारस सेन्सरांची ही यादी. चाळीस आहेत. एकोणचाळीस केव्हाच बंद पडलेत.

एक चालू आहे. सातवा मजला, एकोणीस नंबर. खोलीचा रकाना रिकामा.

हा सेन्सर कोंदट हवा मोजतो, म्हणजे माणसाच्या उच्छ्वासाने साचते ती. शिवाय आत किती माणसं आहेत तेही सांगतो. आकडे सकाळभर सपाट असतात. दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी वाढायला लागतात. वाढत वाढत जातात आणि सहा दहाला एकदम थांबतात. आजचं, कालचं, परवाचं, मागच्या वर्षीचं, सगळं बघितलं. रोज तसंच. दोन पाच ते सहा दहा.

माणसं : एक.

सेन्सर बिघडला असणार. नक्की बिघडलाच असणार.

१७ मार्च, सोमवार

मॉडेलमध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. हे मला ताईनेच शिकवलं.

सातवा मजला, खोली एकोणीस, पाइपांची खोली, हवाबंद दार, रुंदी एक मीटर ऐंशी. दोन वर्षांपूर्वी पुसली. दुपारी दोन पाच. पुसणारी व्यक्ती : ताई.

त्याच दिवशी मापवाला नाहीसा झाला. त्याच्या बाहेर पडण्याची नोंद शोधली. सहा दहा. पण ती कार्ड लावून झालेली नाही. हाताने भरलीय. भरणारी व्यक्ती : ताई.

लॉबीतून वर येताना ते गृहस्थ दिसले. त्यांनी हात केला. मी खाली मान घालून लिफ्टमध्ये शिरलो. काय सांगणार होतो?

पान्याला जिन्यात गाठलं. आधी खिशातला पाना काढून हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, त्या दिवशी दुपारी सातव्यावर पाइप ठोकल्याचा आवाज येत होता. त्याने ताईला विचारलं. ती म्हणाली, पाण्याचा दाब आहे, घरी जा. तो गेला. दोन वर्षं त्याला झोप नाही. मला म्हणाला, तुमची बहीण आहे, तुम्ही बघा.

१९ मार्च, बुधवार

ताईला विचारलं. सरळ विचारलं.

आधी चिडली. मग टेबलावर डोकं टेकून रडली. म्हणाली, नकाशात ती खोली नव्हती, मॉडेलमध्ये होती, जागेवर जाऊन बघायचा कंटाळा केला आणि खुर्चीतूनच पुसून टाकली. तो आत मापं घेत असेल हे स्वप्नातही नव्हतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. घाबरून नोंद भरली. सामानाचं कपाट ओढून दार झाकलं.

मी विचारलं, मग मला इथे का आणलंस?

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, तू कधीच मोजून बघत नाहीस म्हणून. तुझ्यावर माझा विश्वास होता, तू डोळे मिटून सही करशील असा.

इतकं कुणाचंच बोलणं कधी लागलं नव्हतं मला. आईचे अकरा महिन्यांचे टोमणे एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. मला वाटत होतं तिने माझं भलं बघितलं. तिने माझं गाढवपण बघितलं होतं.

मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. सोमवारी त्या गृहस्थांना सगळं सांगणार.

२० मार्च, गुरुवार

ताई सकाळी स्वतःहून आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, तुझं बरोबर आहे, आपण दोघं मिळून सांगू. पण आधी तू डोळ्यांनी बघून घे, नाहीतर उद्या म्हणतील भाऊ-बहिणीने गोष्ट रचली. उद्या दुपारी ती मॉडेलमध्ये खोली परत टाकेल, म्हणजे दार चालू होईल. मी आत जाऊन बघायचं. ती टेबलावरून दार उघडं ठेवेल.

जीव भांड्यात पडला. शेवटी ताई ती ताईच.

पान्याला उद्या सुट्टी दिलीय तिने. म्हणाली, त्याला बघवणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी २.००. कपाट सरकवलं. दार आहे. हिरवा दिवा. कार्ड लावलं, उघडलं. आत पाऊल टाकलं. दिवा लागला. पाइप, पाइप आणि धूळ.

२.०५. दार लागलं. दिवा गेला. वाऱ्याने लागलं असेल. इथे वारा नाही.

२.१०. मोबाइलला रेंज नाही. टॅब्लेटवरून फक्त ताईच्या टेबलाला फोन जातो. लागला. म्हणाली, घाबरू नकोस, आलेच.

२.४०. अजून नाही आली. लिफ्ट अडकली असेल.

३.१५. टॅब्लेटच्या उजेडात बघितलं. पाइपांच्या मागे तो बसलाय. बसला होता, असं लिहायला हवं. हेल्मेट मांडीवर. बोटांत टेप. खिशात वही, माझ्यासारखीच. याच मुखपृष्ठाची. त्यालाही तिनेच दिली असणार.

३.२०. त्याच्या वहीचं शेवटचं पान. दोन ओळी.

दार लागलं. ताईंना फोन केला. म्हणाल्या, आलेच.

३.३०. म्हणजे तिला दोन पाचलाच माहीत होतं. चार तास. खाली टेबलावर बसून ती आकडे बघत — चूक नव्हती. ताई, ती चूक नव्हती —

४.०५. परत फोन केला. उचलत नाही. चार वेळा केला. पाइपवर ठोकायला पाना नाही, टेपनेच ठोकतोय. ऐकणारा आज सुट्टीवर आहे.

४.५०. टॅब्लेटवर ही खोली नाही. मी जिथे बसलोय तिथे करडी भिंत.

५.१०. दाखला भरलाय. मॉडेल आणि इमारत तंतोतंत जुळते. खाली माझी सही. हुबेहूब. त्या शेवटच्या अक्षराचा माझा वळसासुद्धा —

मी सही केलेली नाही. बाबा, मी केलेली नाही.

५.४०. माझी बाहेर पडल्याची नोंद आली. सहा दहा. सहा दहा अजून वाजायचे आहेत.

डोकं जड. अक्षर तिरकं जातंय.

५.५५. बेवारस यादी उघडली. एकोणीस नंबर. आकडा रोजच्या दुप्पट वेगाने चढतोय.

माणसं : दोन.

६.०२. श्वास ऐकू येतोय. मी माझा रोखून धरला. तरी येतोय.

६.०७. पाइपांच्या मागून त्याने विचारलं — अगदी हळू, शेजाऱ्याला विचारावं तसं — आल्या का ताई?

मी म्हटलं, येईल. माझी सख्खी बहीण आहे. ती ये —