कापलेले मोजे

प्रिय ताई,

शाळेची घंटा होण्याआधी तू पायरीवर बसून माझा फाटका मोजा रफू करायचीस आणि दोरा दातांनी तोडतेस म्हणून सिस्टरांची बोलणी खायचीस, आठवतं? इथे परदेशात भाषा शिकायला येऊनही मी तेच करते, आणि त्यापायी मला घर सोडावं लागतंय!

मी ज्यांच्याकडे राहते, त्यांची दोन चिमुरडी रोज फाटके मोजे घेऊन मला चिकटून बसतात. रफू करता करता मी आपल्या लहानपणीच्या गोष्टी सांगते. परवा कळलं, धाकटी मुद्दाम कात्रीने मोजे कापते. म्हणाली, "भोक नसलं तर गोष्ट कशी मिळणार?" तिच्या आईने कपाळावर हात मारला, पण हसली.

नेमकी तेव्हाच आमची राहण्याची सोय करणाऱ्या संस्थेची बाई टपकली. माझ्या मांडीवरचा मोज्यांचा ढीग पाहून मुलांच्या आईलाच म्हणाली, "पाहुण्यांना कामाला जुंपता?"

मी म्हटलं, "अहो, हात माझे, सुई माझी!" ऐकेल तर शपथ! काट्याचा नायटा केला मेलीने. सोमवारी मला दुसऱ्या घरी हलवणार. मी खरमरीत अर्ज दिलाय. खाली दोन्ही पोरांच्या वेड्यावाकड्या सह्या आहेत.

काळजी करू नकोस, जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्या भाषेच्या वर्गातल्या एक बाई तिकडे परत निघाल्यात, त्यांच्याबरोबर पिशवी पाठवतेय. लोकरीची टोपी भावजींना, रंगपेटी तुझ्या नातवाला. तळाशी धाकटीने दिलेला एक कापलेला लाल मोजा आहे. तो कुणालाही देऊ नकोस, रफूही करू नकोस. त्याच्या जोडीचा तिने उशाखाली ठेवलाय.

तुझी चिडकी बहीण