शेपटाला लागलेला दिवा

दादा,

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतेय. जेवायला थांबू नकोस.

त्यांच्या छोट्या आगगाडीच्या इंजिनात नवं सर्किट बसवून काल मोठ्या तोऱ्यात "झालं" म्हणालास. सकाळी मी ते उघडून बघितलं. मोटरच्या दोन वायरी तू उलटसुलट जोडल्यास, म्हणून इंजिन मागे पळत होतं. त्या वायरी बदलायच्या सोडून साहेबांनी वरची प्लास्टिकची बॉडीच फिरवून बसवली. बसेना, तर आतली खाच कानशीने घासली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आता इंजिन दिसायला पुढे जातं आणि आतल्या सर्किटवरचा दिवा शेपटाला लागतो. धन्य आहेस.

म्हाताऱ्याला कुठे दिसतंय, असंच वाटलं ना तुला?

सोल्डरिंग आयर्न टेबलावर काढून ठेवलंय. त्या दोन वायरी तरी आम्ही येईपर्यंत नीट जोड आणि बॉडी सरळ करून बसव. घासलेली खाच काही परत येणार नाही.

निघताना बाबांनी इंजिनावरून बोटं फिरवली. बॉडीच्या फटीपाशी ती थांबली. मग मला म्हणाले, "छान केलंय त्याने. त्याला काही बोलू नकोस."

म्हणून बोलत नाहीये. लिहून ठेवतेय.