दातांचं औषध

माय,

व्यसन हा शब्द आपल्या घरात फक्त बापासाठी होता. त्याची बाटली दिसली की तू अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचीस, "व्यसनी माणसाचा काही भरवसा नसते!" तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे व्यसनी, पत्ते कुटणारे व्यसनी. तुझ्या कमरेला खोचलेली गुडाखूची डबी मात्र दातांचं औषध. तंबाखू आणि गूळ घोटून केलेलं ते काळं मंजन तू सकाळ-संध्याकाळ घासायचीस, त्याला व्यसन म्हणायची कोणाची टाप नव्हती.

माझी दाढ ठणकत होती तेव्हा तू मला तलावाच्या पाळीवर नेलंस. तिथे बाया गुडाखू घासत गप्पा मारत बसलेल्या. तू बोटाने माझ्या हिरडीला चोळलंस. "थुंक, गिळू नको. चक्कर आली तं बसून राय." चक्कर आली, दाढेचा ठणका थांबला. दुसऱ्या दिवशी काहीच दुखत नसताना मी तुझ्या मागे आले, आणि तू न विचारता डबी पुढे केलीस.

परवा गोंदियाला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोई लत है?" मी ठसक्यात नाही म्हटलं. दातांना काय लावता, म्हणाल्या. तेवढ्याच ठसक्यात गुडाखू म्हटलं. त्यांनी गाल ओढून आतला पांढरा डाग आरशात दाखवला. "यही तो लत है, बाई." आता तुकडा काढून तपासायला पाठवलाय.

तरी मी तुझीच बाजू घेत होते, बिचारीला काय ठाऊक म्हणून. सौंदडला जाऊन मावशीला तेच म्हटलं, तर तुझी बहीण फटकन बोलली, "ठाऊक नव्हतं? किती खेपा सोडून पाह्यलं तिनं, सुटलं नाही. म्या म्हणलं, पोरीले कायले देऊन राहिलीस? तं म्हणे, एकटीनं बसाले गमत नाही, सोबत पाह्यजे."

एवढ्यासाठी, माय? बापाने निदान आम्हाला पाजली तरी नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरणार आहे.

आज सकाळी पायरीवर डबी घेऊन बसले होते, शेवटची म्हणून. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारी माझी लेक येऊन शेजारी टेकली. "आई, दाढ दुखून राहिली. मलेही दे ना." मी डबी उकिरड्यावर भिरकावली, तिच्यावर नको तेवढी ओरडले. ती रडत आत गेली. पण ती येऊन टेकली ना, तेव्हा क्षणभर मला फार बरं वाटलं होतं. तेवढं तुला कळायला नको, म्हणून हा कागद चुलीत घालते.