दहावी जोडी

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

विजयमालेच्या हाताला फार घाम यायचा. कोल्हापूरच्या कॉन्व्हेंटात चौथीत ती माझी जोडीदारीण. बागेत जाताना सिस्टरांचा नियम एकच: दोघी-दोघींनी हात धरायचा आणि परत येईपर्यंत सोडायचा नाही. आम्ही हाताऐवजी माझ्या रुमालाची दोन टोकं धरायचो. एकदा त्याच रुमालातली कैरी चालता चालता चोरून खाल्ली. सिस्टरांनी वळून "किती जोड्या?" विचारलं, तेव्हा विजयमाला भरल्या तोंडानं "तेवीस" म्हणाली. बस, एवढंच. बावन्न वर्षं झाली त्याला.

आज आठवलं, कारण निसर्ग केंद्रातल्या माझ्या नव्या टेबलाच्या खणात घरून आणलेलं सामान लावताना तोच निळ्या काठाचा रुमाल हाती आला. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून इथे आले. दर रविवारी लोकांना कांदळवनातून फिरवायचं आणि त्यांच्याकडूनच खेकड्यांची बिळं, पक्षी मोजून नोंदी करून घ्यायच्या. चिखलावरून लाकडी फळ्यांची वाट थेट खाडीपर्यंत जाते. पलीकडे उंच इमारती, अलीकडे बगळे. मला फार आवडलं.

तळवलीच्या सगुणाबाई केंद्राची सगळी व्यवस्था बघतात. माझ्या चपलांकडे बघून म्हणाल्या, "बाय, चपला चिखलान र्‍हातील नि तुमी अनवानी घरा जाल." उद्याच बूट घेते.

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिली फेरी छान झाली. एकोणीस जण आले. मी सिस्टरांचा नियम लावला: दोघादोघांची जोडी, प्रत्येक जोडीला एक चौकट आणि एक नोंदपत्रक. चौकट चिखलावर ठेवायची, आतली बिळं मोजायची. वाटेच्या तोंडाशी उभी राहून मी मोठ्यानं जोड्या मोजल्या आणि उत्साहात "दहा जोड्या!" म्हणून मोकळी झाले. एकोणीस जणांच्या दहा जोड्या कशा होतील? बिनजोडीच्या होत्या गिरजाबाई, जुईनगरच्या. साताऱ्याकडच्या. नवरा मार्केटात माथाडी होता, तो जाऊन वीस वर्षं झाली. मला वाटलं, त्या माझ्याबरोबर चालतील. पण फोटो काढण्याच्या गडबडीत मी पुढे गेले.

परतताना त्यांचा चेहरा खुलला होता. म्हणाल्या, "हात गार हुता तिचा, पर धरलाय असा, की सुटंना. किती वर्सांनी कुनी हात धरला माजा, मॅडम."

कुणाचा, ते विचारायचं राहून गेलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

पत्रकं दहा आली. नऊ सुकी, एक ओलं. ओल्यावर गिरजाबाईंचं नाव आहे आणि बिळांचा आकडा सुबक लिहिलेला आहे. गिरजाबाईंना लिहिता येत नाही, फॉर्मवर काल अंगठा मीच घेतला होता. जोडीदाराच्या नावाची जागा कोरी.

फोटोत त्या एकट्याच आहेत. उजवा हात जरा बाजूला, बोटं मिटलेली.

सगुणाबाईंना दाखवलं, तर त्यांनी आधी दार लोटलं. मग म्हणाल्या, "खाडीच्या खारीन जाताना मानसा मोजाची नाय, बाय. येताना एकेकाला नावानी हाक माराची. आकड्याला नाव नसतं, त्यान कुनीपन शिरतं." एवढं शिकलेल्या बाईला हे कुणी सांगितलं नाही का, असंही पुटपुटल्या.

मी हसले. हसायला नको होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

सोळा जण. आठ जोड्या सरळ व्हायला हव्या होत्या. पण बँकेतली सोनल एकटीच उभी राहिली. कुरकुरली, की मॅडम, मला पार्टनरच नाही. गिरजाबाईंना तिच्याबरोबर जा म्हटलं, तर त्या लाजल्या. म्हणाल्या, "माजी हाय की जोडीदारीन."

सोनलला मी घेतलं. गिरजाबाई सगळ्यांच्या मागे चालत होत्या. फळ्यांवर त्यांच्या पावलांचा आवाज येत होता, आणि त्या पावलांच्या मध्ये, किंचित उशिरानं, आणखी एक. ओला.

मी मागे वळले नाही. सिस्टर वळायच्या. माझी छाती झाली नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

जुईनगरला त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला स्टीलच्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. डावखुऱ्या असल्यासारख्या डाव्या हातानं. उजवी मूठ मिटलेलीच. सून राजनंदिनी स्वयंपाकघरात मला अडवून म्हणाली, की मॅडम, ट्रिपला नेता का आणखी कुठे? आई चार दिवस ती मूठ उघडत नाहीत, जेवतानाही नाही.

मी मूठ हातात घेतली. बर्फासारखी. कातडी पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुतल्यासारखी. मनगटापर्यंत.

गिरजाबाई मात्र खुशीत. म्हणाल्या, रविवारी शेवटच्या फळीपर्यंत जायचंय. "तितनं फुडं तिचं घर हाय."

रविवार, २३ नोव्हेंबर

फेरी रद्द केली. फाटकाला कुलूप लावलं.

तरी अकरा वाजता शेवटच्या फळीपाशी — गिरजाबाई, चिखलात कमरेपर्यंत. भरती चढत होती. मी आणि सगुणाबाईंनी ओढलं. दुसऱ्या बाजूनंही कुणीतरी ओढत होतं. सगुणाबाई ओरडल्या, "गिरजाबाय! ए गिरजाबाय!" तिसऱ्या हाकेला त्या सुटून वर आल्या.

मूठ मिटलेलीच.

सोमवार, २४ नोव्हेंबर

गिरजाबाई दवाखान्यात. गारठा सकाळी कोपरापर्यंत होता, दुपारी खांद्यापर्यंत. डॉक्टरांना काही कळत नाही. छातीपर्यंत आला तर —

सगुणाबाईंना विचारलं. त्यांनी आधी फाटकाचं कुलूप ओढून बघितलं. मग म्हणाल्या, नाव घेतलं म्हणून गिरजाबाय आली, पण जोडी तशीच हाय. "तुमी दहा बोलल्या. जी बोलली तिनाच ती जोडी पुरी कराची."

एवढं बोलून रडल्या. मला म्हणाल्या, घरा जा, बाय, गावाला जा तुमच्या.

चूक माझी. त्या बाईला मी एकटीला मागे सोडलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दुपारचे चार. शेवटच्या फळीवर बसून लिहिते आहे. पाणी चढतंय. ऊन छान आहे.

दुर्बीण सोनलला द्यावी. तिला बगळे ओळखता येऊ लागले आहेत.

बूट सगुणाबाईंना. फळीवर काढून ठेवले आहेत, चिखलात राहणार नाहीत.

स्टीलचा डबा गिरजाबाईंना परत करावा. रिकामा देऊ नये, थोडी साखर घालावी. त्यांची मूठ उघडली की त्यांच्याच उजव्या हातात द्यावा.

ही वही विजयमालेला. तिला सांगावं, की हात धरायची मला अजून भीती वाटते, म्हणून रुमाल बरोबर नेते आहे. एक टोक माझ्या हातात आहे.

अंधार पडायच्या आत सगुणाबाईंनी फाटकातून हाक मारावी. उज्ज्वला म्हणून. बाई नको, मॅडम नको. तीनदा. मी ओ दिली नाही, तर पुन्हा मारू नये, आणि कुणी दिलीच, तर आधी —

रुमाल ताणला गेला. दुसरं टोक पाण्यात नव्हतं, माझ्या मांडीवर होतं, आत्ता इथेच हो